दाखवायचे वॉट वेगळे, वाजवायचे वेगळे!

डिकी उघडा. आत चकचकीत अँप्लिफायर, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘५००० वॉट’. शेजारी बारा इंची सबवूफर. वा, क्या बात है! आता जरा खाली वाका आणि त्या अँम्पच्या कडेला खोचलेला फ्यूज बघा. किती अँपिअरचा आहे? ३०? मग मंडळी, हिशेब सुरू करूया.

गाडी चालू असताना बॅटरीच्या तारेवर साधारण १४ व्होल्ट असतात. १४ गुणिले ३० म्हणजे ४२० वॉट. एवढी वीज आत जाणार. क्षणभर फ्यूज थोडं जास्त सोसतो, मान्य! पण आत ४२० आणि बाहेर ५०००? असा चमत्कार झाला असता तर महावितरणने कधीच त्या अँम्पची ऑर्डर दिली असती!

५००० वॉट खरोखर काढायचे तर १४ व्होल्टवर किती करंट लागेल, माहीत आहे का? अँम्पमध्ये काहीही वाया जात नाही असं धरलं तरी ३५७ अँपिअर. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर ७०-९० अँपिअरच्या घरात असतो, आणि त्यातच हेडलाइट, एसीचा पंखा आणि वायपरही भागवायचे असतात.

तेव्हा आजचा विषय एकदम करंट! सबवूफरपर्यंत खरोखर किती वॉट पोहोचतात आणि ते मोजायचे कसे? या मोजमापात इतक्या गमती आहेत की गाणं लावायचंच विसराल.

पीएमपीओची धमाल

नव्वदच्या दशकातला टू-इन-वन आठवतोय? वर मोठ्ठा स्टिकर: ‘१००० वॉट पीएमपीओ’! मागे वायर मात्र करंगळीपेक्षा बारीक. पीएमपीओ म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट. हा आकडा कसा काढायचा याचा एकही सर्वमान्य नियम नव्हता, त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या परीने फुगवला. गंमत म्हणजे तो फुगा अजून फुटलेला नाही. गाडीच्या अँम्पवर आज ‘मॅक्स पॉवर’ लिहिलेलं दिसलं की समजायचं, तेच पाहुणे नवे कपडे घालून आलेत.

तुमच्या डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमवर ‘५० वॉट × ४’ लिहिलंय का? बहुतेक असेलच. हा ५० आला कुठून, माहीत आहे का? इथे एक झकास गणित दडलंय. सिस्टिमला मिळतात १४.४ व्होल्ट. व्होल्टचा वर्ग करा, स्पीकरच्या ओहमने, म्हणजे रोधाने भागा, की वॉट मिळाले. १४.४ चा वर्ग २०७, भागिले ४, बरोबर ५२ वॉट! पण हे कधी? जेव्हा आउटपुट सलग पूर्ण १४.४ व्होल्टवर चिकटून बसेल तेव्हा. म्हणजे सुरांचा पार चौकोन झाल्यावर! स्वच्छ, गोलाईदार साइन वेव्ह काढायची तर त्याच १४.४ व्होल्टमधून निम्मेच, म्हणजे २६ वॉट निघू शकतात, आणि प्रत्यक्षात हाती येतात विशीच्या आसपास.

मग बाहेरचा अँम्प शेकडो वॉट कसे देतो? त्याच्या पोटात एक छोटं वीजघर असतं! आधी तो गाडीच्या बॅटरीचे व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, ट्रान्सफॉर्मरमधून चढवतो, आणि मगच गाण्याला हात लावतो.

घोडं कुठे पेंड खातंय?

वॉट हे नाव ज्यांच्यावरून आलं ते जेम्स वॉट १८१९ मध्ये वारले. एककाला त्यांचं नाव देण्याची सूचना विल्यम सीमेन्स यांनी केली ती १८८२ मध्ये. म्हणजे वॉटसाहेबांनी उभ्या आयुष्यात एकही ‘वॉट’ मोजला नाही! त्यांचं माप होतं घोड्याचं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. तुमचा अँम्प खरोखर १००० वॉटचा असेल तर डिकीत सव्वाहून जास्त घोडे बांधलेत असं समजा.

आणि ५००० वाल्या स्टिकरचे? पावणेसात घोडे! तेही ३० अँपिअरच्या फ्यूजवर!

या स्टिकरबाजीला कुणी वेसण घातली की नाही? घातली तर! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये अँप्लिफायरच्या वॉटबद्दल नियम केला. पण तो होता घरच्या अँप्लिफायरसाठी. गाडीतला अँम्प सुटला मोकाट! पुढे २००३ मध्ये तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने सीईए-२००६ नावाचं ऐच्छिक मानक आणलं. अटी अशा: पुरवठा १४.४ व्होल्ट, लोड ४ ओहम, आणि आवाजातली विकृती व खरखर मिळून १ टक्क्याच्या आत. या अटींवर जे उरतील तेच वॉट खोक्यावर छापायचे. हा शिक्का दिसला की बिनधास्त विश्वास ठेवा.

आता अट वाचलीत ना? १४.४ व्होल्ट! इंजिन बंद करून गाणी लावली की बॅटरी राहते १२.६ वर. फरक दिसतो जेमतेम पावणेदोन व्होल्टचा. पण वॉट व्होल्टच्या वर्गाने पळतात, त्यामुळे साध्या अँम्पची जवळपास पाव ताकद तिथेच गळून पडते. सहलीला गेल्यावर गाडी उभी करून, इंजिन बंद करून नाच सुरू केला की बेस मऊ वाटतो तो याचमुळे!

यावर एका कंपनीने तोड काढली, आणि मला ती फार आवडते. जेएल ऑडिओच्या ५००/१ या अँम्पमध्ये पुरवठा असा सांभाळलेला होता की ११ व्होल्ट द्या की साडेचौदा, दीड ओहमचा सब जोडा की चार ओहमचा, बाहेर येणार ५०० वॉटच. रॉकफर्ड फॉसगेटची तऱ्हा वेगळी. कित्येक मॉडेल्सच्या खोक्यात ‘बर्थ शीट’ निघतं. कारखान्यात त्याच अँम्पवर मोजलेले वॉट त्यावर लिहिलेले असतात. बाळाचा जन्मदाखला, वजनासकट!

चोरावर मोर

आता उलटी गंमत. वॉट फुगवणारे खूप, पण वॉट लपवणारे? तेही होते!

१९९० च्या आसपास अमेरिकेत कार ऑडिओच्या स्पर्धा जोरात होत्या. अँम्पवर अधिकृत वॉट किती, त्यावरून गाड्यांचे गट पडायचे. मग ओरायन कंपनीचा २२५ एचसीसीए हा अँम्प आला. कागदावर प्रत्येक चॅनेलला फक्त २५ वॉट, ४ ओहमवर. बिचारा सगळ्यात छोट्या गटात! पण तो अर्ध्या ओहमपर्यंतचा लोड झेलायचा. ओहम अर्धे केले की वॉट दुप्पट, हे साधं गणित: ४ ला २५, २ ला ५०, १ ला १००, अर्ध्याला २००. म्हणजे सब जोडायची पद्धत बदलली की तोच २५ वाला पठ्ठ्या आठपटीकडे झेपावतो. अशा अँम्पना तिकडे नावच पडलं: ‘चीटर अँम्प’!

इथेच एक पक्की गोष्ट हाताला लागते. वॉट काही अँम्पच्या पोटात भरून ठेवलेले नसतात. अँम्पला जो सब जोडाल, ज्या व्होल्टवर जोडाल, त्या जोडीत त्या क्षणी वॉट तयार होतात. म्हणून ते मोजायचे तर तिथेच, सबच्या तारेवर!

मल्टिमीटर काढा!

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, स्वस्त मल्टिमीटर ढिगाने मिळतो. हे तीन-इन-वन डोकं कुणाचं, माहीत आहे का? ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी! अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला तीन-तीन यंत्रं वागवायचा त्यांना कंटाळा आला. त्यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये अ‍ॅव्होमीटर बाजारात आला.

मोजायची सोपी रीत अशी. गाण्याऐवजी ५० हर्ट्झचा सलग टोन लावा. अँम्पच्या सबवाल्या टर्मिनलवर मीटर एसी व्होल्टवर ठेवा. ५०० वॉट हवेत आणि सब २ ओहमचा आहे? मग मीटरवर ३१.६ दिसायला हवेत. ४ ओहमचा? ४४.७. एका ओहमचा? फक्त २२.४. सूत्र एकच: वॉट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ.

५० हर्ट्झच का? कारण आपल्या घरच्या विजेची फ्रिक्वेन्सी तीच! स्वस्त मीटर मुळात घरची वीज मोजायलाच बनवलेला असतो. बेसच्या पट्ट्यात तो भलताच बिनचूक चालतो. ट्विटरच्या किणकिणाटाला लावलात तर मात्र गडबडतो.

गेन, म्हणजे अँम्पमध्ये येणारा सिग्नल किती चढवायचा ती कळ, सेट करताना कित्येक फिटर असाच टोन वापरतात, आणि त्या वेळी सब काढून ठेवतात. पण थांबा. सब न जोडता व्होल्ट मोजले, तर ३१.६ दिसले म्हणून ५०० वॉट झाले का? छे! दुसऱ्या टोकाला कुणी खाणाराच नाही. व्होल्ट म्हणजे फक्त दाब. किती करंट वाहिला हे कळल्याशिवाय वॉट कुठले?

जबड्यात एकच तार

आणि इथे एंट्री घेतो माझा सगळ्यात लाडका गडी, क्लॅम्प मीटर! खेकड्याच्या नांगीसारखा जबडा उघडायचा, तार त्यात घ्यायची, मिटायचा. तार सोलायची नाही, कापायची नाही. करंट आकड्यात हजर!

ही जादू चालते कशी? डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांना १८२० मध्ये दिसलं की तारेतून वीज वाहिली की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते. वीज वाहते तिथे तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जबडा ते क्षेत्र चाचपतो. बस्स, एवढंच!

आता एक प्रयोग. सबला जाणाऱ्या दोन्ही तारा, लाल आणि काळी, एकदम जबड्यात घ्या. बेस धडधडतोय, काचा थरथरताहेत, मागची नंबर प्लेट खडखडतेय, आणि मीटरवर किती? शून्य! मीटर बिघडला का? मुळीच नाही. एका तारेतून करंट जातो, दुसरीतून तेवढाच परत येतो. दोघांची क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून नियम पाठ करा: जबड्यात एकच तार.

आता तार एक, टोन ५० हर्ट्झ, व्होल्ट मीटरवर ३१.६. सबवर छापलंय २ ओहम. म्हणजे करंट १५.८ यायला हवा, बरोबर? क्लॅम्पवर मात्र दिसतो ८! बाकीचा करंट कुणी पळवला?

पळवला नाही, अडवला! सबवरचे २ ओहम हा फक्त नावापुरता आकडा. बॉक्समध्ये बसलेला सब हलायला लागला की त्याची कॉइल चुंबकात नाचता नाचता उलटी वीज तयार करते आणि अँम्पला म्हणते, ‘थांब जरा!’ त्यामुळे प्रत्येक सुराला ओहम वेगळे. एखाद्या फ्रिक्वेन्सीला २ चे ४, तर सबच्या स्वतःच्या रेझोनन्सपाशी थेट कित्येक पट. कार ऑडिओवाले याला ‘बॉक्स राइज’ म्हणतात. आपल्या उदाहरणात ३१.६ गुणिले ८ म्हणजे जेमतेम २५३. पाचशेचे अडीचशे! आणि अँम्प अगदी ठणठणीत, काहीही बिघडलेलं नाही.

अजून मजा हवी? टोन चालू ठेवून क्लॅम्पकडे टक लावून बसा. ८.०… ७.९… ७.७… आकडा आपोआप उतरत जातो! व्हॉल्यूमला कुणी हात लावलेला नाही. मग? कॉइल तापतेय. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल १५० अंशांनी तापली की रोध जवळपास ५९ टक्क्यांनी वर, आणि तेवढ्याच व्होल्टवर वॉट उरतात दोनतृतीयांशांहूनही कमी. पार्टी जसजशी रंगते तसतसे वॉट घटतात! याला नाव ‘पॉवर कम्प्रेशन’.

हा खेळ फार लांबवू नका बरं. सलग टोन कॉइलला गाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापवतो, कारण गाण्यात मध्येमध्ये उसंत असते आणि टोनला श्वासच नाही. डिकीतून जळक्या वॉर्निशचा गोडसर, उग्र वास आला की समजा, वॉटने वाट लावली! काही सेकंद, आकडा टिपला, बंद.

वॉट की व्हीए?

एवढं केल्यावर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट झाले ना? जवळजवळ! पण पूर्ण नाही. माहीत आहे का, सबमध्ये व्होल्ट आणि करंट एकाच तालात नाचत नाहीत? कधी व्होल्ट पुढे, कधी करंट पुढे. ताल ४५ अंशांनी चुकला तर ३०० च्या गुणाकारातले खरे वॉट फक्त २१२! बाकीची वीज अँम्प आणि सब यांच्यात नुसती ये-जा करते. मल्टिमीटरला हा ताल कळत नाही, क्लॅम्पलाही नाही. त्यांच्या गुणाकाराचं खरं नाव व्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्हीए.

ताल पकडायला दोन्ही एकाच वेळी, एकाच यंत्रात मोजायला हवेत. अमेरिकेत डामोर इंजिनिअरिंगने नेमकं हेच केलं. त्यांचं एएमएम-१ हे हातात मावणारं ऑडिओ मल्टिमीटर एका बाजूने व्होल्ट घेतं, दुसऱ्या बाजूने क्लॅम्पचा करंट, आणि गाणं चालू असताना खरे वॉट, व्हीए, ओहम आणि फेज एका पडद्यावर मांडतं. अँम्पमध्ये शिरणारा बॅटरीचा डीसी करंटही क्लॅम्पने मोजता येतो बरं का, फक्त त्या क्लॅम्पच्या जबड्यात हॉल सेन्सर लागतो. हॉल म्हणजे सभागृह नव्हे, एडविन हॉल! १८७९ मध्ये त्यांनी हा परिणाम शोधला तेव्हा ते अजून विद्यार्थीच होते.

चौकोनी सूर

व्हॉल्यूम वाढवत गेलं की एका टप्प्यावर अँम्पचे व्होल्ट संपतात. सुराचा गोल माथा वरून कापल्यासारखा सपाट होतो. हेच ते क्लिपिंग. हे डोळ्यांनी बघायचं तर ऑसिलोस्कोप लागतो. त्याची मुळं थेट १८९७ मध्ये, कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्या कॅथोड किरण नळीत! याच ब्राउनना १९०९ चं नोबेल मार्कोनींसोबत विभागून मिळालं, तेही बिनतारी संदेशासाठी.

पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या साइन वेव्हच्या दुप्पट पॉवर वाहते. म्हणजे ५०० वॉटचा स्वच्छ अँम्प बेसुमार पिळला की सबच्या कॉइलवर हजाराकडे जाणारा मार! मोजणाऱ्यासाठी हा मोठा सापळा. मीटरवर आकडा वाढताना दिसतो, आपण खूश होतो, आणि तो वाढीव आकडा सगळा कापलेल्या सुरांचा असतो. म्हणून वॉट सांगताना विकृती किती टक्के हेही सांगायला हवं, नाहीतर आकडा अर्धवट. याच डामोरवाल्यांच्या डीडी-१ या डबीवर एक टक्का विकृती झाली की दिवा पेटतो. दिवा पेटला की गेन थोडा मागे, झालं काम.

स्कोपवाल्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन चॅनेल जोडून एकच सब चालवणाऱ्या अँम्पमध्ये सबच्या दोन्हीपैकी एकही तार ग्राउंड नसते. स्कोपची निगेटिव्ह क्लिप गाडीच्या बॉडीशी कुठूनही जोडलेली असेल आणि ती तुम्ही सबच्या तारेला लावलीत, तर थेट शॉर्ट! बॅटरीवर चालणारा, गाडीशी कुठेही न जोडलेला स्कोप वापरा.

क्लास ‘डी’चा पहिला पेपर

सबचे बहुतेक अँम्प आज क्लास डी असतात. ते विजेचे ८०-९० टक्के सबपर्यंत पोहोचवतात, जुने क्लास एबी त्या मानाने बरीच उष्णता उधळतात. ‘डी’ म्हणजे डिजिटल असं तुम्हालाही वाटायचं का? ए, बी, सी झाल्यावर पुढचं अक्षर डी, एवढंच!

या जातीचं पहिलं बाजारी उत्पादन होतं सिंक्लेअर एक्स-१०. साल १९६४, इंग्लंड. घरी जोडायचा किट. नावात १०, आणि प्रत्यक्ष आउटपुट? अडीच वॉट! छापील वॉट आणि खरे वॉट यांचं जुनं भांडण क्लास डीच्या पाळण्यातच सुरू झालं होतं.

हजारातले चार

आता मोठा धक्का. घट्ट बसा.

समजा मोजून मापून खरे १००० वॉट सबच्या कॉइलपर्यंत पोहोचले. त्यातल्या किती वॉटचा आवाज होतो, माहीत आहे का? सबच्या कागदावर ‘८८ डीबी, १ वॉट, १ मीटर’ असं लिहिलेलं असेल, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज, तर उत्तर आहे चार! फक्त चार. शंभर टक्के आवाज करणारा आदर्श स्पीकर असता तर तिथे ११२ डीबी लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे ०.४ टक्का. उरलेले ९९६ वॉट उष्णता. घरची इस्त्री १००० वॉटचीच असते. म्हणजे सलग टोनला पूर्ण ताकदीने वाजणारा सब म्हणजे कोनच्या मागे लपलेली इस्त्री!

म्हणून चाणाक्ष लोक वॉटच्या आधी हा डीबीचा आकडा वाचतात. ८५ वाल्या सबला १००० वॉट लागतात तिथे ८८ वाल्याचं ५०० मध्ये भागतं, आणि ९१ वाल्याचं २५० मध्ये. वॉट विकत घ्यायला पैसे लागतात, बॅटरी लागते, जाड वायर लागते. हे तीन-तीन डीबी मात्र सब निवडतानाच खिशात पडतात. माझा पैसा तरी या बाजूला!

आणि मगाशी पाचशेचे अडीचशे झाले म्हणून हिरमुसला होतात ना? ऐका. पॉवर निम्मी झाली तर आवाज फक्त ३ डीबीने उतरतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायचा तर १० डीबी लागतात, म्हणजे दसपट वॉट. ५०० चे ५५० केलेत तर अर्धा डीबीसुद्धा वाढत नाही. शेजारच्या सीटवरच्याला पत्ताही लागणार नाही!

गाडीपेक्षा लांब सूर

४० हर्ट्झच्या लाटेची लांबी किती? साडेआठ मीटर! आपल्याकडे करसवलतीसाठी छोट्या गाड्यांची लांबी चार मीटरच्या आत ठेवतात. म्हणजे एक लाट आणि दोन गाड्या एकापुढे एक! एवढी लांब लाट गाडीत मावणार कशी? मावतच नाही. काचा बंद असल्या की खोलवरच्या सुरांना सब सगळ्या केबिनमधली हवा एकदम दाबतो आणि सोडतो. त्यामुळे बेस फुकटात वाढतो. याचं नाव ‘केबिन गेन’. घरात रडणारा सब गाडीत गर्जतो तो याच बोनसवर. काच खाली केली की बोनस उडून जातो.

या दाबाचा खेळ काही जण टोकाला नेतात. अमेरिकेतल्या वेन हॅरिस यांनी सुरू केलेल्या डीबी ड्रॅग रेसिंगमध्ये गाड्या पळत नाहीत, जागच्या जागी किंचाळतात! गाडी बंद, माणसं बाहेर, आत दाबाचा सेन्सर, आणि काही सेकंदांचा एकच टोन. जाड काचा, दारांत काँक्रीट, मागे बॅटऱ्यांच्या रांगा. इथे वरची हद्द निसर्गानेच आखलीय: हवेत १९४ डीबीच्या पुढे शुद्ध ध्वनिलाट होऊच शकत नाही, कारण तिच्या दरीत हवेचा दाब शून्याला टेकतो.

माणसाच्या कानाची हद्द मात्र खूप अलीकडे येते. अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेचा कामगारांसाठीचा हिशेब आहे ८५ डीबी(ए)ला आठ तास. पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा. १००ला उरतात फक्त १५ मिनिटं!

त्या कंसातल्या ‘ए’कडे लक्ष गेलं का? ते आहे ए-वेटिंग, म्हणजे कानाला जसं ऐकू येतं त्या प्रमाणात केलेली काटछाट. त्यात ४० हर्ट्झच्या वाट्याचे जवळपास ३५ डीबी कापले जातात. तुमचा सब १२० डीबीचा सणसणीत दाब देत असला तरी डीबी(ए)चा मीटर ८५ दाखवतो! आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागाची मर्यादा, दिवसा ५५ आणि रात्री ४५, हीही डीबी(ए)मध्येच आहे. डीबी(ए)च्या आकड्यात न दिसणारा ठोका वरच्या मजल्यावरच्या आजींच्या छातीत मात्र पोहोचतोच, तेव्हा रात्री दहानंतर सोसायटीच्या फाटकाबाहेरच गेन खाली.

जाता जाता…

डिकीत तो निळा दिवा लागलेला, थर्मासएवढा १ फॅरडचा कॅपॅसिटर पाहिलाय? ‘बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंदावतात? हा लावा!’ म्हणून हमखास विकला जातो. किती वेळ साथ देतो तो, माहीत आहे का? १४.४ वरून १२.६ व्होल्टवर येईपर्यंत त्यातून निघते सुमारे २४ जूल ऊर्जा. अँम्प बॅटरीकडून १००० वॉट ओढत असेल तर ती पुरते ०.०२४ सेकंद. आणि ४० हर्ट्झच्या बेसच्या एका आवर्तनाला लागतात ०.०२५ सेकंद. एक ‘ढुम’ पुरा व्हायच्या आत गडी गारद! पुढचा ठोका पुन्हा बॅटरी आणि अल्टरनेटरच्याच खात्यावर, तेव्हा त्या कॅपॅसिटरचे पैसे जाड वायरला आणि घट्ट ग्राउंडला द्या. मग क्लॅम्प लावून बघा, आकडा वर सरकतो की नाही ते!